सुकं किती उरलंय?

२०२० सालातल्या भुकेची गोष्ट निघाली की लोक एप्रिलबद्दल बोलतात. पायी निघालेले मजूर, बंद बाजारपेठा, पाच रुपयांवर आणलेली शिवभोजन थाळी. रायगडच्या किनाऱ्यावर एप्रिल कसाबसा निघाला. आमची खरी ओढाताण झाली जुलैत, जेव्हा बाहेर ‘आता सगळं हळूहळू सुरू होतंय’ असं बोललं जात होतं.

रेवदंडा आणि मुरूड यांच्या मधल्या एका गावात मी अंगणवाडी सेविका आहे. गावाला कोळीवाडा आहे, नारळी-सुपारीच्या वाड्या आहेत, डोंगराच्या कुशीला कातकऱ्यांची वाडी आहे. त्या वर्षीच्या ३० जुलैचा, गुरुवारचा, हा दिनक्रम. दोन दिवसांनी मासेमारीची पावसाळी बंदी उठायची होती, म्हणजे घराघरांतला साठा तळाला गेलेला. कुठलं घर किती पाण्यात आहे ते अशाच दिवशी दिसतं.

पहाटे साडेपाच

उठल्यावर पहिल्यांदा कॅलेंडर बघितलं. श्रावणातली एकादशी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशोब इथल्या पोरासोरांनाही पाठ. अकराची पाऊणपट सव्वाआठ. सव्वाआठला भरती, सव्वादोनच्या सुमारास सुकती. सुकतीला कोळीवाड्यातल्या बायका खाडीत उतरणार, तेव्हा त्यांना सकाळीच गाठायला हवं. कातकरी बाया लावणीच्या शेवटच्या कामांवरून चारनंतर परतणार, तेव्हा वाडीवर संध्याकाळी. कार्यालयानं वेळ कुठलीही लिहून दिलेली असो, गाव भेटतं ते पाण्याच्या आणि चिखलाच्या वेळेनं.

चुलीवर कोरा चहा ठेवला. सासूबाई मडक्या-डब्यांची झाकणं उघडून बघत होत्या. हे त्यांचं रोजचंच झालं होतं. आमच्याकडे पावसाच्या तोंडावर चार महिन्यांची आगोट भरून ठेवतात: तांदूळ, वाल, डाळ, मीठ, चिंच, वर्षाचा मसाला, पांढऱ्या कांद्याच्या माळा, फाटी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सुकं, म्हणजे बोंबील, जवळा, सुकट, जमलं तर थोडे सोडे. पाऊस लागला की समुद्र बंद, मजुरी बेभरवशाची, बाजार लांब. या चार महिन्यांत आगोट हीच घराची बँक.

आता त्या बँकेत पैसे भरायचे दिवस कोणते? मार्च, एप्रिल, मे. कोळ्यांचा हंगामाचा शेवटचा जोर याच महिन्यांत, बोंबील वाळत घालायचे तेही याच उन्हात. काशिद, नांदगाव, मुरूडकडे पर्यटक येतात ते शाळांच्या सुट्टीत. अलिबागकडचा पांढरा कांदा रस्त्याकडेला माळांनी विकला जातो तो तेव्हाच. वीटभट्टीवर गेलेल्या कातकरी कुटुंबाचा हिशोब मेअखेरीस होतो. मुंबईचा मुलगा सुट्टीत येताना हातात काही ठेवतो तेही मेमध्ये. आणि देशभरची टाळेबंदी लागली २५ मार्चला, शिथिल व्हायला लागली जूनमध्ये. वर्षाच्या बारा महिन्यांतले नेमके आगोटीचे महिने गेले.

उरलंसुरलं ३ जूनला निसर्ग चक्रीवादळानं नेलं. अलिबागच्या दक्षिणेला दुपारी ते जमिनीवर आलं, ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाचं वारं घेऊन. पत्रे, कौलं उडाली, आणि ज्यांनी थोडीफार आगोट भरली होती त्यांची पोत्यांतच भिजली. भिजलेल्या जवळ्याला दोन दिवसांत वास मारायला लागतो. आमच्या घरचा माडांच्या मुळाशी खत म्हणून गेला.

सकाळी आठ

अंगणवाडीचे पत्रे वादळात गेल्यापासून शिध्याची पोती माझ्या पडवीत. मदतनीस आली, दोघींनी तोंडाला मास्क लावून मापायला घेतलं. मार्चपर्यंत तीन ते सहा वर्षांची पोरं अंगणवाडीत बसून गरम खिचडी, उसळ खायची. साथ आल्यावर ते बंद झालं आणि त्याऐवजी साधारण पन्नास दिवसांचा कोरडा शिधा घरपोच द्यायला सुरुवात झाली: गहू, मसूर डाळ, हरभरा किंवा चवळी, तिखट, हळद, मीठ, कधी तेल, कधी साखर. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलांचा तांदूळ आणि कडधान्यही असंच घरी जायला लागलं.

दुसरा मार्ग नव्हता. पण दोन्हींतला फरक मला रोज दिसत होता. अंगणवाडीत शिजलेलं पोराच्या पोटात माझ्या डोळ्यांदेखत जायचं. घरी गेलेला शिधा घराच्या पातेल्यात जातो आणि घरात माणसं किती यावर पोराचा घास ठरतो. कोळीवाड्यातल्या एका घरी मार्चमध्ये चार माणसं होती, जुलैत नऊ. भांडुपहून थोरला दीर आला, त्याची बायको, दोन पोरं आणि तिची आई. गावानं आधी त्यांना शाळेच्या खोलीत विलगीकरणात ठेवलं, मग घरात घेतलं. मुंबईहून दर महिन्याला यायचे ते पैसे थांबले, वर मुंबईची माणसं जेवायला आली.

गव्हाचा तर वेगळाच घोळ. हा भात खाणारा मुलूख. भाकरीही तांदळाची. वादळानंतर गावात वीज यायला महिना लागला, तोवर गिरण बंद. मी दारोदार गहू वाटत होते आणि दळायची सोयच नव्हती. काही बायकांनी जात्यांवरची धूळ झाडली. बाकीच्यांनी गहू भिजवून, ठेचून, गूळ असेल तर गूळ घालून शिजवला.

सकाळी साडेनऊ

कोळीवाडा. होड्या वर ओढून, झाप आणि ताडपत्र्या घालून ठेवलेल्या. दोन-तीन ओट्यांवर जाळी शिवणं चाललेलं, कारण १ ऑगस्टला बंदी उठणार आणि लगेच नारळी पौर्णिमा. बाहेरून बघणाऱ्याला कोळीवाडा म्हणजे एकच घर वाटतं. आत तीन वेगळी माणसं राहतात आणि तिघांची भूक वेगळी.

पहिला नाखवा. होडी त्याची, कर्जही त्याचंच. एप्रिलच्या १० तारखेला केंद्रानं मासेमारीला टाळेबंदीतून सूट दिली खरी, पण बर्फ नाही, गाड्या नाहीत आणि मुंबईच्या धक्क्यांवरचा बाजार विस्कटलेला. डिझेल जाळून आणलेली मासळी गावातच कितीशी खपणार? त्यानं होडी दोनदा काढली आणि बांधून ठेवली. त्याच्या घरात अन्न कमी नव्हतं. दागिना मोडून आगोट भरली होती. त्याचं संकट पुढच्या वर्षावर गेलं.

दुसरा खलाशी. त्याला पगार नाही, वाटा आहे. डिझेल, बर्फ, शिधा वजा जाऊन उरेल त्यातला. होडी बंद म्हणजे वाटा शून्य. तो जुलैत लावणीच्या मजुरीला गेला. जन्मात चिखलात न उतरलेला माणूस दुसऱ्याच्या शेतात वाकून रोपं लावत होता आणि तिथं कातकरी बायांची मजुरी आपसूक कमी होत होती.

तिसरी मासळी विकणारी बाई. हिच्याकडे होडी नाही, नवरा नाही, शेत नाही. पहाटे धक्क्यावर लिलावात माल घ्यायचा, टोपलीत भरून गावोगाव विकायचा, संध्याकाळी उरलेल्या पैशांत घर चालवून उद्याच्या खरेदीचे बाजूला ठेवायचे. हा धंदा हजार-दोन हजारांच्या फिरत्या पैशावर उभा असतो. मी तिच्या नातीचा शिधा ओट्यावर ठेवला तेव्हा ती पाटीचा फाटलेला काठ शिवत होती.

“परवा होड्या लागतील ना मावशी,” मी म्हटलं.

“लागतील गो. पन मी घेऊ कशावर? भांडवल कवाच खाल्लं.”

तिच्या या एका वाक्यात सगळं आलं. एप्रिलमध्ये तिनं धंद्याचे पैसे तांदळात घातले, मेमध्ये औषधात. जनधन खात्यात सरकारनं एप्रिल, मे, जून असे तीन महिने पाचशे-पाचशे रुपये टाकले, ते आले तसे गेले. जुलैत काही नव्हतं. ऑगस्टमध्ये राज्यानं २०१९च्या क्यार आणि महा वादळांच्या नुकसानीपोटी मच्छिमारांसाठी मदत जाहीर केली, त्यात मासळी विकणाऱ्या बायकांना शीतपेट्या घ्यायला पैसे होते. पेटी चांगलीच. पण पेटीत ठेवायची मासळी रोखीनं घ्यावी लागते आणि तेवढ्यासाठी तिला सोसायटीतून पाच हजारांचं कर्जही कुणी देईना.

घरात खायला आहे का, हे मी कुणालाच विचारत नाही. त्याला ‘आहे की’ हे एकच उत्तर मिळतं, चूल थंड असली तरी. मी विचारते, “सुकं किती उरलंय?” याचं उत्तर खरं येतं. श्रावणापर्यंत पुरेल म्हणाली तर घर ठीक. माळ्यावर दोन मुठी आहे म्हणाली तर आठवड्याला फेरी. नुसतं हसली तर त्याच दिवशी पाठपुरावा.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेची अशीच एक प्रश्नावली आहे, आठ प्रश्नांची. अन्न पुरेल की नाही याची काळजी वाटली का, इथून ती सुरू होते आणि दिवसभर काहीच खाल्लं नाही असं झालं का, इथं संपते. मधल्या प्रश्नांत पदार्थांचे प्रकार कमी होणं, एखादं जेवण टळणं, कमी खाणं असं सगळं येतं. आमच्या पर्यवेक्षिकेनं एका बैठकीत ती सांगितली तेव्हा वाटलं, ही पायरी-पायरीची उतरण आपण ओळखतो. आमच्याकडे पहिलं जातं दूध, मग अंडं, मग सुकं, मग डाळ, मग तेल. भात शेवटपर्यंत टिकतो. म्हणूनच वरून काही कळत नाही. पोरगं पोट भरून जेवलेलं असतं, नुसता भात आणि मीठ-मिरची.

सकाळी साडेअकरा

रेशन दुकानासमोर रांग, पायाखाली चुन्याचे गोल. पंतप्रधान गरीब कल्याण अन्न योजनेत माणशी ५ किलो तांदूळ फुकट आणि घराला एक किलो डाळ किंवा चणे, हे आधी एप्रिल ते जूनसाठी होतं, ३० जूनला ते नोव्हेंबरपर्यंत वाढलं. नेहमीचं धान्य वेगळं: अंत्योदयाला महिन्याला ३५ किलो, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, तेव्हा गहू दोन रुपये, तांदूळ तीन रुपये. हा तांदूळ आला नसता तर मी जुलैत काय लिहिलं असतं ते सांगवत नाही. किनाऱ्यावर उपासमारीनं माणसं गेली नाहीत त्याचं पहिलं श्रेय या पोत्यांना.

पण रांगेत उभं राहायला कार्डावर नाव लागतं. अन्न सुरक्षा कायद्याखाली राज्यानं ठरवलेली ग्रामीण भागातल्या प्राधान्य कुटुंबाची वार्षिक उत्पन्न मर्यादा ४४ हजार, शहरात ५९ हजार. महाराष्ट्राला ठरवून दिलेला इष्टांक ७ कोटी १६ हजार माणसांचा, २०११च्या जनगणनेवर बेतलेला. त्यानंतर जन्मलेली पोरं, लग्न होऊन आलेल्या सुना, वेगळी झालेली घरं यांची नावं चढायची तर इष्टांकात जागा हवी. तहसील कचेरीत ‘इष्टांक शिल्लक नाही’ हे उत्तर आमच्या गावातल्या अर्ध्या सुनांना पाठ आहे.

त्या नऊ माणसांच्या घराचं कार्ड मी बघितलं. मोजकीच नावं. त्यातली एक वारलेली आजी. धाकटी सून आणि तिची दोन वर्षांची पोरगी कार्डावर नाहीत. भांडुपच्या दिराचं कार्ड मुंबईचं. अंगठा लावून राज्यात कुठंही धान्य घेता येतं असं ऐकलं होतं, पण दुकानदार म्हणाला, “येतं ताई, पण मला माल माझ्या कार्डांपुरताच येतो. ह्यांना दिला तर शेवटच्याला काय देऊ?” त्याचंही चुकत नव्हतं.

केशरी कार्डवाले, ज्यांच्यावर अन्न सुरक्षेचा शिक्का नाही, त्यांना राज्यानं मे आणि जूनसाठी आठ रुपयांनी गहू आणि बारा रुपयांनी तांदूळ दिला, माणशी तीन अधिक दोन किलो. पांढऱ्या कार्डाला काहीच नाही. गावातली सगळी भूक पिवळ्या-केशरी कार्डांत आहे असं कागद म्हणत होता.

दुपारी एक

म्हणून मी मुद्दाम एका पांढऱ्या कार्डाच्या घरी गेले. सुपारीच्या वाडीतलं चिरेबंदी घर, पुढं ‘राहण्या-जेवणाची घरगुती सोय’ अशी पाटी. मालकीणबाई हातानं जेवण करायच्या, पर्यटकांना मोदक आणि सोलकढीची चटक लावलेली. १५ मार्चला भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली तेव्हा त्यांनी एक खोली वाढवायला घेतली होती. आता मुंबईची गाडी थेट बोटीतून येणार, गर्दी वाढणार. आठवड्याभरात बोट बंद आणि खोली अर्धवट.

मागची वाडी ३ जूनला आडवी झाली. सुपारीची झाडं मधूनच मोडून एकमेकांवर पडलेली, जुलै संपला तरी सगळी उचलून झाली नव्हती. सुपारी नव्यानं लावली तर हातात उत्पन्न यायला सहा-सात वर्षं. सरकारनं फळबागांची मदत हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजारांवर नेली. ऐकायला रक्कम मोठी. इथं वाड्या गुंठ्यांत असतात. हेक्टरी ५० हजार म्हणजे गुंठ्याला साधारण पाचशे रुपये, आणि एका गुंठ्यातली मोडलेली झाडं तोडून बाहेर काढायलाच त्याहून जास्त मजुरी लागत होती.

बाईंनी मला बसवलं, पाणी दिलं, चहा विचारला नाही. त्या घरात असं कधी झालं नव्हतं. सुनेला सातवा महिना होता. मी तिच्या लोहाच्या गोळ्यांचं विचारलं, जेवणाचं विचारलं. “सगळं व्यवस्थित आहे,” सासूबाई म्हणाल्या. मग सून मला सोडायला फाटकापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, “ताई, तो अंगणवाडीचा शिधा आम्हाला मिळतो का? आईंना सांगू नका.” मिळतो. गरोदर बाईला कार्डाचा रंग विचारत नाहीत. नाव माझ्या रजिस्टरात होतंच, तिनं आजवर घेतला नव्हता. त्या संध्याकाळी मदतनीस पिशवीत भरून, वर दुसरी पिशवी घालून, मागच्या दारानं देऊन आली.

या घरानं वाण्याकडे कधी उधारी केलेली नव्हती, त्यामुळे वाण्याकडे त्यांचं खातं नव्हतं आणि आता उघडायची लाज. खलाशाच्या घराला खातं होतं. गरिबाला गरिबीची सवय असते असं कुणी म्हणू नये, पण अडचणीत कुठल्या दाराला हात घालायचा हे त्याला माहीत असतं. नव्यानं खाली आलेल्या घराला तेही माहीत नव्हतं.

दुपारी सव्वादोन

सुकती. खाडीच्या काठानं येताना बायका चिखलात वाकलेल्या दिसल्या. कोयते, खुरपी, कमरेला टोपल्या. खडकावरची कालवं फोडायची, चिखलातल्या शिवल्या वेचायच्या, बिळातून चिंबोरी काढायची. एकादशी म्हणजे भांगाचं पाणी, फारसं मागं हटत नाही, खडक पुरते उघडे पडत नाहीत. उधाणाच्या दिवसांत जे एका तासात मिळतं त्याला आज दोन तास. नाखव्याची सूनही त्यांच्यात होती. मागच्या वर्षीपर्यंत ती इथं उतरत नसे.

हे फुकटचं अन्न मोजायला कुणाच्या कागदावर रकाना नाही. पावसाच्या सुरुवातीची चिवणी, शेतातले मुठे, खाडीतली कालवं, रानातला टाकळा आणि कुर्डू यांवर जुलैतली कितीतरी जेवणं निघाली. पण त्या वर्षी वेचणारे हात वाढले आणि खाडी तेवढीच राहिली.

दुपारी साडेचार

कातकरवाडी. पाऊस धरून आला होता. रस्ता संपतो तिथून पाऊण तासाची पायवाट. ही कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. जायच्या आधी मालकाकडून उचल घेतात, गणपतीच्या सुमारास, जेव्हा घरात दाणा नसतो. सहा-सात महिने राबून उचल फिटली की वर राहील ते हातात. २०२० साली भट्ट्या मार्चअखेर थंडावल्या. विटा उचलल्या जाईनात. आठवड्याची खर्ची मिळेना. एप्रिल-मेमध्ये लोक पोरं खांद्यावर घेऊन डोंगरवाटांनी परतले. उचल फिटली नाही, मालकाच्या वहीत ती पुढच्या हंगामावर चढली. म्हणजे या घरांनी २०२० सालात २०२१ची मेहनतही खाऊन टाकली होती.

कातकरी हा अतिअसुरक्षित आदिम जमातींत मोडणारा समाज, अंत्योदय कार्डाचा पहिला हक्कदार. वाडीतल्या बहुतेक घरांना पिवळं कार्ड आहे. ज्यांना नाही ती नेमकी तरुण जोडपी, लग्नानंतर वेगळी खोपी बांधलेली. जातीचा दाखला नाही, कारण जन्म भट्टीवर झाला आणि नोंद कुठंच नाही.

मार्चपासून वजनकाटा बंद होता. पोराला हात लावायचा नाही म्हणून मी आयांना दंडाची पट्टी कशी लावायची ते शिकवलं होतं. सहा महिने ते पाच वर्षांच्या पोराचा दंड साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला की लाल, साडेअकरा ते साडेबारा पिवळा, त्यावर हिरवा. एका आईनं दारात बसून पट्टी लावली. पोरगं दीड वर्षाचं, पोट पुढं, हातात भाताचं शीत. मी चार हात लांबून वाकून बघत होते. चौकटीत आकडा आला ११.८. मेमध्ये ते हिरव्यात होतं.

“भूक लागतच नाय त्याला,” ती म्हणाली.

“भाताबरोबर काय देतेस?”

“मीठ. कधी मुठ्याचा रस्सा.”

रेशनचा तांदूळ डब्यात होता. मी बघितला, पुरेसा होता. मसूर डाळ मात्र पहिल्या पंधरवड्यातच संपलेली, कारण एका पोराच्या नावानं आलेली डाळ सहाजणांनी खाल्ली. तिचं नवऱ्यासह लावणीचं काम दोन दिवसांत संपणार होतं. पुढची मजुरी भातकापणीला, म्हणजे ऑक्टोबरात. मधले दोन महिने हेच सगळ्यात वाईट. पूर्वी या दिवसांसाठी आदिवासींना खावटी कर्ज मिळायचं, ती योजना काही वर्षं बंदच होती. साथीच्या निमित्तानं राज्यानं ती अनुदान म्हणून पुन्हा आणली: कुटुंबाला ४ हजार रुपये, निम्मे खात्यात आणि निम्म्याचा किराणा, त्यात मटकी, चवळी, तूरडाळ, शेंगदाणा तेल. निर्णय २०२०च्या सप्टेंबरातला. वाटप गेलं २०२१ सालात. किराणा नेमका हवा तोच होता, फक्त एक पावसाळा उशिरा.

मी पोराचं नाव पिवळ्या यादीत घातलं, उपकेंद्राच्या परिचारिकेला फोन लावायला टेकडीवर चढले. रेंज मिळाली तेव्हा अंधारत आलं होतं.

संध्याकाळी साडेसात

घरी आल्यावर आधी आंघोळ, कपडे गरम पाण्यात, मग चूल. दुधी आणि भात. सासूबाईंचा एकादशीचा उपास, रताळी मिळाली नाहीत म्हणून त्यांनी दोन केळ्यांवर काढला.

जेवणं झाल्यावर रजिस्टरं. कार्यालयाला हवे असतात ते रकाने भरले: लाभार्थी, वाटप, सही किंवा अंगठा, शेरा. मग माझी वही काढली. त्यात मी चारच गोष्टी लिहायचे. आगोट भरली होती का. कार्डावर नावं किती आणि ताटं किती. घरात पैसा किती वाटांनी येतो. आणि वाणी उधार देतो का. या चारांपैकी दोन बाजू ज्या घराच्या ढासळलेल्या, त्या घरी पोरांच्या दंडाची पट्टी महिन्या-दोन महिन्यांत रंग बदलत होती. जात, कार्डाचा रंग, घराच्या भिंती यांवरून बांधलेला अंदाज मात्र निम्म्या वेळा चुकला. चिरेबंदी घरातल्या गरोदर सुनेचा कुणी अंदाज बांधला असता?

त्या रात्री वहीत घरांच्या पुढं खुणा करताना एक गोष्ट लख्ख दिसली. सरकारची मदत खोटी नव्हती, थोडीथोडकीही नव्हती. फुकट तांदूळ, पाचशे रुपये, कोरडा शिधा, वादळाची भरपाई, पुढं खावटी. पण ती दिल्ली-मुंबईच्या कॅलेंडरनं आली. टाळेबंदी लागली की मदत सुरू, टाळेबंदी उठली की हळूहळू बंद. किनाऱ्यावर टाळेबंदीचा मार्चमधला फटका पोटाला लागतो जुलैत, कारण मधे आगोट असते. मार्चमध्ये बुडालेला वाटा आणि एप्रिलमध्ये न आलेला पर्यटक घरात तेव्हा जाणवत नाही, कारण मागचं थोडंफार शिल्लक असतं. जून लागला, होड्या वर ओढल्या, की तो हिशोब एकदम समोर येतो, आणि तेव्हा कमवायला जागाच उरत नाही. पाचशे रुपयांचा शेवटचा हप्ता जूनचा होता. जुलैतच त्याची खरी गरज होती.

पुढची साथ येईल की वादळ, सांगता येत नाही. तौक्ते तर पुढच्याच वर्षी, १७ मे २०२१ला, किनाऱ्याजवळून गेलं, तेही आगोटीच्या तोंडावर. म्हणून तालुक्याला आणि जिल्ह्याला माझं मागणं साधं आहे. उन्हाळ्यात कशानंही काम बंद पडलं तर किनाऱ्यावरच्या घरांना पावसाळ्याचं धान्य, डाळ आणि तेल एकदम, मे संपायच्या आत द्या. तांदळाइतकीच डाळ द्या, कारण भात कमी पडत नाही, त्याच्या जोडीचं कमी पडतं. भात खाणाऱ्या गावाला गहू देऊ नका. मासळी विकणाऱ्या बाईला हंगाम सुरू होताना फिरतं भांडवल द्या. आणि पोराच्या जन्माची नोंद झाली की त्याचं नाव रेशन कार्डावर त्याच महिन्यात चढवा, इष्टांकाची वाट बघू नका. खावटीची मूळ कल्पना पावसाळ्याआधी द्यायचीच होती, ती नव्यानं शोधायला नको, वेळेवर आणायला हवी. किनाऱ्यावर मदतीची शेवटची तारीख ३१ मे आहे. त्यानंतर आलेली मदत उपयोगी पडते, पण तोवर पोरांच्या दंडाची पट्टी पिवळी झालेली असते.